जास्तच मिळतात त्यांना

कडक मावशींचं एक मत होतं आणि ते त्यांनी कधी कुणापासून लपवलं नाही. फुटबॉल खेळणाऱ्यांना पैसे फार जास्त मिळतात. हे त्या घरी म्हणत, दुकानात म्हणत, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही ऐकवत. ज्यांच्याबद्दल म्हणत त्यांच्या तोंडावर तर रोजच म्हणत, कारण त्यांचे कपडे धुणं हीच मावशींची नोकरी होती.

क्लबच्या मैदानाला एक मोठी गॅलरी होती आणि तिच्या पायऱ्यांखाली धुलाईची खोली. खिडकी नाही. धुवायची दोन मशीनं, सुकवायचं एक, लांबलचक टेबल, त्यावर इस्त्री, आणि कोपऱ्यात शर्टांवर नंबर चिकटवायचं गरम प्लेटचं यंत्र. मॅचच्या दिवशी डोक्यावर हजारो पाय आपटत आणि छतातून बारीक धूळ गळे, म्हणून मावशी आधीच घड्यांवर चादर पसरून ठेवत. इतकी वर्षं काढली, पण गोल असा त्यांनी एकही पाहिला नव्हता. छत हादरलं की गोल झाला, एवढंच त्यांना कळे. कुणी केला हे संध्याकाळी कळे, ज्याच्या शर्टाच्या पाठीवर बाकीच्यांच्या हातांचे चिखलाचे पंजे उमटलेले असत त्याच्यावरून.

‘कडक’ हे नाव इस्त्रीवरून पडलं की स्वभावावरून, यावर क्लबात दोन तट होते. मावशी खेळाडूंना नावाने ओळखत नसत, नंबराने ओळखत. चार नंबर अंगाने आडदांड, दर महिन्याला एक शिवण उसवणारा. अकरा नंबर नीटनेटका, आईने वळण लावलेला. आणि नऊ नंबर म्हणजे सगळ्या शहराचा लाडका, ज्याचे मोजे कायम उलटे, आत पट्ट्यांचे बोळे चिकटलेले आणि डाव्या टाचेला रक्त. उलटा आलेला मोजा मावशी उलटाच धुऊन परत पाठवत. “एवढे पैसे घेतोस, एक मोजा सुलटा करायला माणूस ठेव,” असं त्या त्याला ऐकवत. तो हसे आणि पुढच्या वेळी मोजा पुन्हा उलटाच येई.

घरी या विषयावर रोजचं भांडण ठरलेलं. मावशींचे यजमान बस चालवायचे. डोळे अधू झाले, लायसन्स गेलं आणि माणूस घरी बसला. आता रेडिओ आणि फुटबॉल, दोनच गोष्टी उरल्या होत्या.

“अगं, दहा वर्षांचं आयुष्य असतं त्यांचं,” ते म्हणत. “गुडघा गेला की संपलं.”

“आणि माझी कंबर गेली तर? ती काय क्लब नवीन बसवून देणारेय?”

“तुझी कंबर बघायला कोण तिकीट काढतं का?”

यावर मावशी भांडी जरा जास्तच आपटून ठेवत आणि यजमान रेडिओचा आवाज वाढवत.

आता खरी गोष्ट अशी, की हे मत निम्मं मावशींचं होतं आणि निम्मं वरून उतरलेलं. हंगाम संपला की क्लब दोन महिने बंद असे. खेळाडूंचा पगार करारानुसार बारा महिने चालू राही. मालकांचं काय चालू राही ते मालकांना ठाऊक. पण धुलाईच्या मावशी, मैदान राखणारे काका, स्वयंपाकघरातली आचारीणबाई आणि फाटकवाला, या चौघांना पगार दहाच महिन्यांचा. त्या दोन महिन्यांत मावशी लोकांच्या घरचे पडदे न् ब्लँकेटं धुवायला जात. यजमान कमावते होते तोवर ते निभावलं. लायसन्स गेल्यापासून ते दोन महिने दर वर्षी नरड्याशी येत. म्हणून मावशी दर वर्षी वरच्या ऑफिसात जाऊन बारा महिन्यांचा पगार मागत, आणि दर वर्षी मॅनेजरसाहेब हात पसरून म्हणत, “मावशी, सगळं त्या खेळाडूंनी ओरपलं. आमच्या हातात उरतं काय?” मावशी जिना उतरून खाली येत आणि नऊ नंबरच्या मोज्यावर राग काढत. साहेबांच्या तोंडचं वाक्य आपल्या तोंडात कधी येऊन बसलं, हे एवढ्या चाणाक्ष बाईच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्या वर्षी खेळाडूंनीच सराव बंद केला. गॅलरी वाढली, टीव्हीचे पैसे वाढले, मग आमचेही वाढवा, असं त्यांचं म्हणणं. मालक म्हणाले, एक पैसा मिळणार नाही. पेपरवाल्यांना चरायला कुरण मिळालं. नऊ नंबरला मिनिटाला किती मिळतात, पावलामागे किती मिळतात, असली गणितं पहिल्या पानावर येऊ लागली. मावशी ती यजमानांना मोठ्याने वाचून दाखवत आणि यजमान कूस बदलत.

आणि एके दिवशी मॅनेजरसाहेब चक्क धुलाईच्या खोलीत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दाराची उंची कमी आहे हे त्यांना माहीत नसल्यामुळे आधी चौकटीवर कपाळ आपटलं.

“मावशी, बुधवारी पेपरवाल्यांना बोलावलंय,” ते कपाळ चोळत म्हणाले. “इथेच, खाली. तुम्ही फक्त बोलायचं. खेळाडूंना जास्त पैसे मिळतात, असं.”

“ते मी रोजच बोलते.”

“तेच तर. एक शब्द इकडचा तिकडे नको. कष्टकरी बाईच्या तोंडून आलं की लोकांना पटतं. तुम्ही एवढं करा, चौघांनाही बारा महिन्यांचा पगार सुरू. मालकांचा शब्द आहे.”

जन्मभर जे मागितलं ते समोर आलं होतं आणि त्याच्या बदल्यात त्या फुकट म्हणत आल्या तेच म्हणायचं होतं. नाही म्हणायला जागाच कुठे होती?

घरी यजमान पोट धरून हसले. “इतकी वर्षं मला फुकट ऐकवलंस. आता त्याचे पैसे मिळतायत तर तोंड का पाडलंयस?”

“माहीत नाही,” मावशी म्हणाल्या. ते खरंच होतं. मत आपलंच, पण कुणीतरी चावी फिरवल्यावर म्हणायचं, हे घशाखाली उतरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाकीचे तिघे धुलाईत हजर. मैदानकाका पुढे. हा माणूस गवताशी जास्त बोले, माणसांशी कमी. पण त्या दिवशी बोलला.

“तू म्हणशील ना गं? माझ्या पोरीच्या बाळंतपणाला नेमके तेच दोन महिने आलेत.”

“म्हणते,” मावशी म्हणाल्या. “खोटं थोडंच म्हणायचंय? जास्तच मिळतात त्यांना.”

बुधवारी मावशी जरा लवकर आल्या. पेपरवाले यायचे म्हणून टेबल पुसलं, फरशी कोरडी केली. सराव बंद असल्यामुळे काम असं नव्हतंच. शर्टांचा अख्खा संच धुऊन, इस्त्री करून, नंबरवार रचलेला. वरून चादर. त्या हात धुवायला म्हणून पाच मिनिटं बाहेर गेल्या आणि परत येऊन बघतात तो मॅनेजरसाहेब बाह्या सरसावून टेबलापाशी उभे. पायाशी बादली. बादलीत मैदानाच्या कडेचा चिखल. चादर बाजूला टाकलेली, आणि साहेब एकेका शर्टाला हाताने चिखल माखत होते. बराच उत्साह होता.

“फोटोत कसं, काम दिसायला हवं,” ते म्हणाले. “स्वच्छ कपड्यांत काय दिसणार? एवढंच तर आहे, तुम्ही काय, धुवाल परत.”

मावशींच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. नऊ नंबरच्या मोज्यावर त्या इतकी वर्षं चिडल्या, पण तो घाण करायचा ती खेळताना. घाण करण्यासाठी म्हणून कुणी त्यांचं धुतलेलं घाण केलं नव्हतं. आणि करणारा कोण, तर ज्याच्याकडे त्या दर वर्षी पदर पसरत होत्या तो. या माणसाच्या लेखी आपलं काम म्हणजे काहीच नाही, हे त्यांना त्या क्षणी जेवढं लख्ख कळलं तेवढं दहा महिन्यांच्या पगारानेही कधी कळलं नव्हतं. त्यांना रडू आलं नाही. राग आला, आणि तो डोक्यात गेला.

तेवढ्यात पेपरवाले जिना उतरले. एक पोरसवदा बाई वही काढून पुढे आली. साहेबांनी मावशींच्या हातात नऊ नंबरचा शर्ट दिला आणि स्वतः शेजारी उभे राहिले.

“खेळाडूंना जास्त पैसे मिळतात असं तुम्हाला वाटतं का?” बाईने विचारलं.

“मिळतात,” मावशी म्हणाल्या. “फार जास्त. मी पहिल्यापासून म्हणते.”

साहेबांचे खांदे सैल झाले.

“आणि एवढा चिखल तुम्ही रोज धुता?”

“हा चिखल खेळाडूंचा नाही. ते पंधरा दिवस इकडे फिरकलेले नाहीत. हे शर्ट मी धुऊन ठेवले होते. साहेबांनी आत्ता माखले, तुमच्या फोटोसाठी. ती बघा बादली.”

सगळ्यांच्या माना बादलीकडे वळल्या.

“नऊ नंबर चिखलात पडतो तो चेंडूमागे पडतो,” मावशी पुढे बोलू लागल्या, आणि आता त्यांना थांबवणं साहेबांच्या बापालाही जमलं नसतं. “ते बघायला लोक तिकीट काढतात. साहेबांचा चिखल बघायला कोण तिकीट काढेल? नऊ नंबरला किती मिळतात ते तुमच्या पेपरात येतं, म्हणून मला ठाऊक. साहेबांना किती मिळतात? मालक घरी किती नेतात? ते कधी छापलंत? मला म्हणतात, खेळाडूंनी ओरपलं म्हणून तुला पगार नाही. मी आपली मान डोलावली. त्यांचं ताट बघत बसले, वाढणाऱ्याकडे कधी बघितलंच नाही. विचारा ना त्यांना. इथेच उभे आहेत.”

बाईने विचारलं. साहेब म्हणाले, तो आजचा विषय नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो साहेबांचा, कोपरापर्यंत चिखल लागलेला. आठवड्याच्या आत मालकांनी खेळाडूंशी तडजोड केली. खेळाडूंचे पैसे वाढले.

आणि चौघांचे बारा महिने गेले. साहेबांनी ते जिन्यातच सांगितलं, थांबलेही नाहीत. आचारीणबाईने मावशींना चहा द्यायचं बंद केलं. फाटकवाला त्यांना बघून दुसरीकडे बघू लागला. मैदानकाका तर समोरच उभे राहिले. “तुझी जीभ झाली मोठी,” ते म्हणाले, “आणि आमचे दोन महिने गेले.” पोरीचं बाळंतपण खरं होतं. उपकार नसतात घ्यायचे असं त्यांना वाटलं असेल, पण ते तिघांना न विचारता वाटलं होतं. ते मावशींना लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

अशात एक दिवस नऊ नंबर स्वतः खाली आला. हातात जाडजूड पाकीट.

“मावशी, तुम्ही आमच्या बाजूने बोललात. हे सगळ्यांनी मिळून.”

“कोण बोललं तुमच्या बाजूने? जास्तच मिळतात तुम्हाला. आजही म्हणते.”

तो हसला, पाकीट टेबलावर ठेवलं. त्यात दोन महिने सहज निघाले असते. मावशींनी इस्त्री बाजूला उभी केली.

“ही झाली भीक. मला पगार हवाय. एक सांग. मी धुवायचं बंद केलं, तर तू मैदानात उतरशील?”

“करार झालाय, मावशी. उतरावं लागेल.”

“बरं झालं खरं बोललास. उचल पाकीट.” आणि तो दारापर्यंत गेल्यावर, “ए, सराव बंद ठेवून तुम्ही केलंत तरी काय? मालक कसे वठणीवर आले?”

“काहीच नाही केलं. घरी बसलो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

हंगामातली शेवटून तिसरी मॅच बाहेरगावी, चिखलात झाली. कपड्यांच्या पिशव्या परत आल्या. मावशींनी त्या उघडल्याच नाहीत. वर जाऊन साहेबांना सांगितलं, “चौघांचा बारा महिन्यांचा पगार लिहून मिळेपर्यंत मी धुणार नाही.” साहेब फोनवर होते. त्यांनी मान हलवली, बडबड ऐकल्यासारखी. ही बाई बोलते फार, पण करते सगळं, असा त्यांचा अनुभव होता. अनुभवावर विसंबून माणूस फसतो तो असा.

पुढची मॅच घरच्या मैदानावर होती. त्या दिवशी पिशव्या उघडल्या तेव्हा शर्ट ओले, काळे आणि आंबलेले. दुसऱ्या रंगाचा संच होता, पण पाहुण्या संघाचा तोच रंग. खोक्यांत कोरे शर्ट होते, पण त्यांवर नंबर नव्हते, आणि बिननंबरी शर्टाला पंच मैदानात सोडत नाहीत. नंबर चिकटवायच्या यंत्राला मावशींशिवाय कुणी कधी हात लावला नव्हता. एकाने लावून पाहिला, आठचा नंबर पोटावर चिकटला. शेवटी अकराही जण तेच आंबलेले शर्ट घालून उतरले. शर्टावर ज्यांची जाहिरात होती ते कंपनीचे लोक खास पाहुणे म्हणून आले होते, आणि त्यांना आपलंच नाव वाचता येत नव्हतं.

मावशी कुठे होत्या? वर. गॅलरीत. दोन तिकिटं काढून यजमानांच्या शेजारी बसल्या होत्या. यजमानांना एवढ्या लांबचं दिसत नव्हतं, म्हणून मावशी सांगत होत्या.

“नऊ नंबर पडला.”

“पडला की पाडला?”

“पाडला. गुडघ्यावर लाथ घातली मेल्याने.” जरा वेळाने, “उठला. लंगडतोय. पळाला परत.”

“आता तरी पटलं?”

“काय पटायचंय? जास्तच मिळतात.” पण त्या पुढे सरकून बसल्या होत्या.

हाफ टाइमच्या जरा आधी साहेब पायऱ्या चढत आले, घामाघूम. “मावशी, चला खाली. पंधरा मिनिटांत नंबर लागतील. तुमचं काम झालं, हे बघा.” त्यांनी क्लबचा शिक्का मारलेला कागद पुढे केला. मावशींनी चष्मा लावून सावकाश वाचला. बारा महिन्यांचा पगार. खाली एकच नाव.

“बाकीचे तिघे कुठायत?”

“त्यांनी कुठे मागितलंय?”

मावशींनी कागदाची घडी केली आणि परत दिली. यजमानांनी कोपर मारलं. “अगं, तुझं तरी झालं असतं.”

“गप्प बसा. मॅच बघा,” मावशी म्हणाल्या. न दिसणाऱ्या माणसाला.

गॅलरीच्या कडेला मैदानकाका चुन्याची बादली घेऊन उभे होते. साहेब उतरताना त्यांच्याशी काहीतरी बोलले. बहुधा, चौघांसाठी अडून बसलीय, समजवा तिला, असं. काकांनी वर, मावशींच्या दिशेने बघितलं. मग बादली खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. हाफ टाइमला रेषा पुन्हा ओढायच्या असतात, त्या तशाच पुसट राहिल्या.

दुसरा हाफ सुरू झाला, त्याच शर्टांत. कंपनीचे लोक उठून निघून गेले. त्यानंतर थोड्याच वेळात साहेब परत पायऱ्या चढत आले. या वेळी कागदावर चार नावं होती आणि खाली मालकांची सही. मावशींनी ती चारही नावं बोट ठेवून वाचली, कागद पर्समध्ये ठेवला आणि पुन्हा मैदानाकडे बघू लागल्या.

“मावशी, चला ना. रविवारी शेवटची, मोठी मॅच आहे. पिशव्या भिजत घालायला हव्यात.”

“घालते. मॅच संपू दे.”

“अहो, पण…”

“तिकीट काढलंय मी.”

मागून लोक ओरडू लागले, ओ साहेब, खाली बसा, दिसत नाही. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. गॅलरी भरलेली होती. ते मावशींच्या पायाशी पायरीवर बसले.

“कोण बसलंय गं?” यजमानांनी विचारलं.

“साहेब आहेत. माझी वाट बघतायत.”

मॅच संपायला अजून बराच वेळ होता.